झडप

लष्कराबादच्या मागे, जिथे दुपारी तीनला
डांबर चपलेचा तळ धरून ठेवतं,
तिथे चासिबचं दुकान. पाटी नाही.
गंजलेल्या कंडेन्सरांची रास हीच पाटी.

त्या दिवशी शर्जी होती.
आखातावरून येणारी ओली वाफ,
ती अंगाला लागत नाही, अंगावर बसते.
कबुतरं चोची उघड्या टाकून टायरांच्या सावलीत.
बद्रियाने पेजो आणली. पांढरी, एका दाराला निळा रंग.
मागच्या सीटवर वडील, हाजी लफ्ता,
डोक्यावर ओला टॉवेल, कोपराखाली पट्टी.
आठवड्यातून तीनदा त्यांचं रक्त धुवायला
ती त्यांना कारूनच्या पलीकडे नेते.

'गॅस भरा,' म्हणाली.
'नौरोजपासून तीनदा भरलाय.
एकजण म्हणाला, कॉम्प्रेसर बदला.
दुसरा म्हणाला, गाडीच बदला.
वडील बदला एवढंच कुणी म्हणालं नाही.'

चासिबने गॅसच्या टाकीकडे पाहिलंही नाही.
इंजिन चालू ठेवलं, बॉनेट उघडलं.
'वलद,' मला म्हणाला, 'ऐक.'
मी ऐकलं. टक्.
क्लच धरला. पट्टा जरासा कण्हला
आणि कामाला लागला.
घड्याळं जोडली. निळा काटा जागेवर,
लाल काटा चढलेला,
पण असल्या उन्हात कोण चढत नाही?

'आता हात लाव.'
जाड नळीला हात लावला आणि दचकलो.
सगळ्या त्या आगीत एकच गार वस्तू,
दरदरून घाम फुटलेली,
थेंबाथेंबाने माझ्या मनगटावर गळणारी.
म्हणजे थंडी होती.
तीनदा पैसे मोजलेली थंडी इथवर येत होती.
आणि आत, जाळीतून, तंदूरचा श्वास.

'मग जाते कुठे?' बद्रिया.

उस्ताद बोलला नाही. हीटरची नळी शोधली,
जिच्याकडे उन्हाळ्यात कुणी ढुंकून बघत नाही,
आणि पकडीत आवळून धरली.
एक मिनिट.
दीड.
मागच्या सीटवरून हाजी म्हणाले, 'अल्ला.'
एवढंच. टॉवेल खाली घेतला.

चासिब दलदलीतला. म्हशींमध्ये वाढलेला.
हसला की दोनच दात दिसतात.
'दुखणं रेड्याला,' म्हणाला, 'आणि डाग पखालीला.'

मग डॅशबोर्डखाली उताणा शिरला,
पाय बाहेर, एकाच पायात मोजा.
मी टॉर्च धरली. चुकीच्या जागी धरली, शिव्या खाल्ल्या.
आत एक तार लोंबत होती,
तिला धरणारा प्लास्टिकचा चाप
उन्हाने बिस्किटासारखा झालेला, बोट लावताच चुरा.
वर बद्रिया बटण निळ्याकडे सारत होती,
पुन्हा लालकडे, पुन्हा निळ्याकडे,
कितीतरी महिने सारत होती,
आणि खाली झडपेला त्याचा पत्ताच नव्हता.
ती उघडीच. गार हवा यायची
आणि हीटरवरून तापून पुढे जायची.

उस्तादाने सायकलच्या आऱ्याचा तुकडा वाकवला,
डोळा केला, तार ओवली.
'सार.' तिने सारलं.
आतून थप्प असा आवाज आला,
लहान डबीचं झाकण बसावं तसा.

किती झाले, तिने विचारलं.
चहाचे सांग म्हणाला.
तिला राग आला. त्याच्यावर नाही.
स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून
ती बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.
मग चहाचे दिले, वर खजुराची पिशवी,
ती मात्र त्याने घेतली.

गाडी वळणापर्यंत गेली आणि थांबली.
मला वाटलं, तार सुटली. पळालो.
मागची काच खाली येत होती.
'गारठलो,' हाजी म्हणत होते, 'बये, जरा उघड,'
आणि बद्रिया हसत होती की ओरडत होती
ते गरम वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही.
उघड्या काचेतून माझ्या तोंडावर
एक गार झुळूक आली, रस्त्यावर सांडली, संपली.